दहा मिनिटांचा कोड

४ जून

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला. त्याची माफी आधीच मागून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. तुझा मेसेज १४ मेला आला, आज तीन आठवडे झाले. तो मी पाहिला नाही असं नाही. पाहिला, चष्मा पुसून परत पाहिला. ‘शेवटचा एक कोड लागेल. खात्याचा नंबर बदलून घेतो. मग तुम्हाला त्रास नाही.’ एवढंच. वर काही नाही, खाली काही नाही. रोज ठरवायचो की आज उत्तर देऊ, आणि रोज काहीतरी निघायचं. कधी माझी पाठ, कधी तुझ्या आईचे डोळे.

मेसेजवर तू ‘कोड’ या शब्दापलीकडे माझं काही वाचत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो आहे. पत्ता मला कोणी दिला नाही. तू आईला डोळ्यांच्या थेंबांचं पार्सल पाठवतोस, त्याच्या खोक्यावर होता. खोकं तिने कपाटात कपड्यांखाली ठेवलं होतं. तिला नीट दिसत नाही, पण लपवायचं कसं ते बरोबर कळतं.

तुला वाटत असेल, म्हातारा कोड अडवून बसला. तसं नाही. तू चौदा वर्षांचा असताना त्या खेळाचं खातं उघडलंस तेव्हा घरात फोन एकच होता, माझा. म्हणून नंबर माझा पडला. आज तू त्या खेळावर पोट भरतोस, दुसऱ्यांना शिकवतोस, पण नव्या जागी खातं उघडायचं म्हटलं की ते सहा आकडे माझ्याच फोनवर येतात आणि दहा मिनिटांत निकामी होतात. यात माझा काय दोष? चार वर्षांत तू सतरा वेळा कोड मागितलास. सतराच्या सतरा वेळा मी दिला. एकदा उशीर झाला, ते मान्य. तेव्हा मी फक्त विचारलं होतं की राहतोस कुठे, जेवण कोण करतं. तू सांगितलं असतंस तर आकडे वेळेत मिळाले असते.

बरं, लिहायचं कारण वेगळं. तू इथे ठेवून गेलास ते तुझं कॉम्प्युटरचं मशीन बदललं. म्हणजे पेटी तीच, आतलं बदललं. त्यातलं विंडोज जुनं झालं होतं, नवं त्या मशीनवर चढेना. कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान आहे ना, तिथली बाई घरी आली. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, तोंड फटकळ. मी तिला म्हणालो की मशीन मुलाचं आहे, खेळांचं आहे, त्याचे खेळ चालले पाहिजेत. ती म्हणाली, मग विंडोज कशाला, खेळांसाठीच बनवलेलं लिनक्स मिळतं, फुकट आहे, ते टाकते. मी म्हणालो की फुकट आहे म्हणजे खोट असणार. त्यावर ती म्हणाली, “काका, हवासुद्धा फुकट आहे, नाक धरून बसता का?”

टाकलं. चालू केलं की टीव्हीसारखा पडदा येतो, मोठमोठी चित्रं, ज्यावर बोट ठेवायचं तो खेळ सुरू. मध्येच थांबा म्हणत नाही, जाहिरात दाखवत नाही. मी ट्रक चालवायचा खेळ खेळतो. मालाचा ट्रक, लांबचा रस्ता, बाजूने झाडं. आरसा बघून वळायचं, बस. बाकी कशाला मी हात लावत नाही.

आई बरी आहे. तुझ्या मेसेजबद्दल नंतर सविस्तर लिहितो.

तुझे वडील

१३ जून

चिरंजीव,

परवा तुझा मेसेज आला. ‘बाबा, मशीनला हात लावू नका. प्लीज.’

चार वर्षांत पहिल्यांदा तू ‘बाबा’ लिहिलंस. मी तो तुझ्या आईला वाचून दाखवला. ती वाटाणे सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, “काय केलंत?”

केलं काहीच नाही. चुकून झालं. तू हुशार आहेस, तुला सगळं सांगितलं की कळेल, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

ती बाई जाताना मला एक ताकीद देऊन गेली होती, ती मागच्या पत्रात लिहायची राहिली. तुझा तो पाच जणांच्या संघाचा खेळ, ज्यात बंदुका असतात, तो या लिनक्सवर उघडायचा नाही. त्या खेळाबरोबर एक राखणदार येतो. तो मशीनच्या पार तळघरात उतरून बघतो की खेळणारा काही लबाडी करतो का. विंडोजमध्ये त्याला तळघराची वाट माहीत आहे. इथे त्याला दार सापडत नाही, आणि दार सापडलं नाही की तो धरून चालतो की आत चोर आहे. एकदा ताकीद देतो, दुसऱ्यांदा ताकीद देतो, तिसऱ्यांदा खातं कायमचं बंद. बाकी सगळे खेळ खुशाल खेळा, म्हणाली, पण हा नाही. तिने लाल शाईने कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलंसुद्धा.

तो कागद पंख्याच्या वाऱ्याने पडला असावा.

आता तू म्हणशील, माझ्या खात्यात तुम्ही शिरलातच कसे? पासवर्ड तूच कीबोर्डच्या खाली चिकटवून गेला होतास, तुझ्या त्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात. तो घातला. मग माझा फोन वाजला आणि सहा आकडे आले. या वेळी कोणी मागितले नव्हते. मीच मागितले आणि मीच मला दिले. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

मला खेळायचं नव्हतं रे. मला फक्त बघायचं होतं की तू तिथे कसा असतोस. खेळ न उघडताही तुमच्या संघाचं गप्पांचं पान दिसतं, त्यात काही अडचण येत नाही. मी वाचत बसलो. तुला तिथे सगळे ‘दादा’ म्हणतात. एक ‘बोका’ आहे, एक ‘खारूताई’ आहे. तू त्यांना किती हसवतोस. घरात तुझा एक शब्द निघावा म्हणून मला दाराशी येऊन खोकावं लागायचं.

वर वर सरकत गेलो तर मे महिन्यातलं सापडलं. बोक्याने विचारलं होतं की स्पर्धा तोंडावर आली, तू अजून नंबर का बदलत नाहीस. तू लिहिलंस की नंबर वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, अवघड जातं. बोका म्हणाला, अरेरे, कधी गेले? तू लिहिलंस, चार वर्षं झाली. खारूताईने विचारलं, कशाने? तू लिहिलंस, मेन स्विचने.

पोरं भोळी. त्यांना वाटलं, शॉक लागून गेले. अकरा जणांनी हळहळ व्यक्त केली. एकाने लिहिलं, दादा, तुझे बाबा जिथे असतील तिथून तुला बघत असतील.

बघतच होतो.

मेन स्विचचं मी विसरलो असेन असं समजू नकोस. तुझा अंतिम सामना चालू होता आणि मी तीनदा जेवायला हाक मारली होती. तिसऱ्या हाकेलाही तू ‘हो’ म्हणाला नाहीस, म्हणून मी जाऊन मेन स्विच पाडला. त्याचा तू एवढा राग धरलास की एका पिशवीत कपडे कोंबून निघालास. मशीन मागायला माणूस पाठवलास तेव्हा मी म्हणालो, स्वतः ये आणि ने. यात मरण्यासारखं काय होतं?

त्या पानावर मला उत्तर द्यावंसं वाटलं. ‘मी जिवंत आहे’ असं टाइप केलं, मग खोडलं. चारचौघांत तुझी शोभा नको म्हणून खोडलं. हे लक्षात ठेव. मग शेजारी खेळाचं चित्र होतं, त्यावर बोट पडलं. ताकीद आली. लगेच बंद केलं. एवढंच झालं.

तू मेसेजला उत्तर मागितलं नाहीस, तरी देतो. हात लावणार नाही.

तुझे वडील

२२ जून

चिरंजीव,

तुला आता कळलंच असेल. परवा, २० तारखेला, सकाळी अकराला खातं बंद झालं. पडद्यावर लाल पट्टी आली आहे आणि ती जात नाही. मशीन बंद करून चालू केलं, तरी तीच.

मी घाबरून दुरुस्तीवाल्या बाईला बोलावलं. तिने पट्टी वाचली, मग पडद्याच्या कडेला बघितलं. विचारलं, कागद कुठे गेला? मी वाऱ्याचं सांगितलं. ती म्हणाली, “काका, तो मी चार बाजूंनी चिकटवला होता.” मग माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच खाली बघितलं. जाताना तिने चप्पल दाराबाहेर जाऊन घातली, जणू आत थांबायला नको.

तिच्यासमोर नाही, पण तुझ्यासमोर खरं बोलतो. कागद मी काढला. नीट, न फाटता काढला आणि खणात ठेवला आहे.

तुला मी काय माणूस आहे हे माहीत आहे. सातवीपर्यंत शिकलो आणि तीस वर्षं पाणीखात्यात व्हॉल्व्ह फिरवले. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी, हे माझ्या हातात. कॉलर पांढरी असलेली माणसं पायरीवर थांबून मला विचारायची, तब्येत कशी आहे, मुलगा काय म्हणतो. निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून गेलो, तर एकानेही मान वर केली नाही. तेव्हापासून मला एक भीती बसली आहे. हातातली चावी गेली की माणूस दिसेनासा होतो. तू लिहिलंस ‘शेवटचा एक कोड’. ते वाचून मला त्या गल्लीतून परत चालल्यासारखं झालं.

पहिली ताकीद चुकून आली नव्हती. रागाने आली होती, त्या अकरा जणांच्या हळहळीचा राग. पण मग तुझा ‘बाबा’ आला. दोन दिवस मी फोन खिशात न ठेवता हातात घेऊन फिरलो. तो परत वाजला नाही. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, काही नाही. मी विचार केला की एका ताकिदीत एक शब्द आला, तर दुसरीत काय येईल? १७ तारखेला दुपारी परत उघडला.

आणि तू फोन केलास.

तुझा आवाज जाड झाला आहे. मला आधी वाटलं, दुसरंच कोणीतरी आहे. तू म्हणालास, “बाबा, तिसऱ्यांदा उघडू नका. हात जोडतो. अठ्ठावीस तारखेला स्पर्धा आहे, त्यावर माझं सगळं आहे.”

मी म्हणालो, “जेवलास का?”

“जेवलो. ऐका. पासवर्ड बदलायलाही कोड तुमच्याकडेच येतो. आता मागवतो, मला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. मशीन तुम्हाला राहू द्या.”

“नंबर बदललास की मग फोन कशाला करशील?”

मी वाट बघितली. तू ‘करीन की’ म्हणाला असतास तरी मला चाललं असतं. खोटं म्हणाला असतास तरी. मी तेव्हाच आकडे सांगितले असते, आईशपथ.

तू म्हणालास, “नाही करणार.”

तुझं हे खरं बोलणं तुझ्या आईकडून आलं आहे. माझ्याकडून नाही.

आकडे आले. मी फोन कानाला लावून त्या आकड्यांकडे बघत होतो, आणि तू पलीकडे श्वास घेत होतास. नऊ मिनिटं आपण असे होतो. एवढा वेळ तू माझ्यासोबत चार वर्षांत बसला नाहीस. मग तू ठेवलास.

नंतरचे तीन दिवस मला झोप नीट लागली नाही. व्हॉल्व्ह बंद करताना शेवटची फेरी जड जाते, दोन्ही हात लावावे लागतात. हे बोटाने झालं. मला वाटलं होतं, तिसऱ्यांदा उघडलं की तू घरी येशील. भांडायला येशील, मारायला येशील, पण येशील. मी तुझ्या खोलीतल्या गादीवरची चादरसुद्धा बदलली. आधी चादर बदलली, मग बटण दाबलं.

तुझ्या आईला मी अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तुझे वडील

११ जुलै

चिरंजीव,

आईला कळलं. दुरुस्तीवाल्या बाईने सांगितलं असणार, दोघी बाजारात भेटतात. आईने मला काही विचारलं नाही. थेंब घातले, डोळे मिटून पाच मिनिटं पडून राहिली, मग उठून पिशवी भरली. मावशीकडे निघाली. मी म्हणालो, अगं, मी त्याला अडवलं नाही, फक्त बोलायला मागत होतो. दारात उभी राहून ती म्हणाली, “तुम्ही त्याला कोड देत नव्हता. हंडा घेऊन रांगेत उभा करत होता.” तीस वर्षांत तिने माझ्या कामाबद्दल एक शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, तिला अभिमान आहे.

आता घरात मी आणि ट्रक. एरवी तक्रार नाही, लिनक्स उत्तम चालतं. काल मोठा पूल ओलांडला, एकदाही अडकलं नाही.

गप्पांचं पान खेळापासून वेगळं आहे, ते अजून दिसतं. तुमच्या स्पर्धेत तुझ्या जागी कोणी ‘झिंगा’ घेतला होता. हरले. दोन दिवस सगळे तुझी आठवण काढत होते, आता झिंग्याला ‘दादा’ म्हणतात. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, दुखवायला नाही. तू तिथे काही लिहीत नाहीस. शेवटचं तू लिहिलंस की कोणी कामावर घेत असेल तर सांगा, कसलंही काम चालेल. त्याला बोक्याने फक्त अंगठा दाखवला आहे.

आता मुद्द्याचं. पडद्यावरची लाल पट्टी मी शब्द लावून पूर्ण वाचली. बंद झाल्यापासून तीस दिवसांत तक्रार करता येते. म्हणजे २० जुलैपर्यंत. खातं खरोखर तुझंच आहे हे पटवायला त्यांना कोड लागतो, आणि कोड येतो खात्याला जोडलेल्या नंबरावर. २० तारीख उलटली की खातं पुसून टाकतात, अकरा वर्षांच्या खेळासकट.

हे तू माझ्याआधी वाचलं आहेस, मला माहीत आहे. कारण २ तारखेला सकाळी दहाला माझा फोन वाजला आणि सहा आकडे आले. ते तूच मागवले होतेस. मी आरामखुर्चीत बसलो, फोन मांडीवर ठेवला. म्हटलं, आता मेसेज येईल, ‘कोड’ म्हणून. किंवा फोनच येईल. दहा वाजून दहा मिनिटं झाली. आकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला परत आकडे. परत तू गप्प.

रोज असं चाललं आहे. रोज दहाला तू मागवतोस आणि माझ्याकडे मागत नाहीस. बघतोस की मी आपणहून पाठवतो का. मला कळत नाही का ते? मीसुद्धा दहाच्या आधी अंघोळ उरकून, चष्मा लावून तयार बसतो. दहा मिनिटं तू तिकडे असतोस आणि मी इकडे. मला आता त्या वेळेची सवय झाली आहे. २० तारखेनंतर दहा वाजता काय करायचं, ते मला सुचत नाही.

एकदा मी सहाच्या सहा आकडे टाइप केले होते. पाठवायचं बटण तेवढं राहिलं. मला आठवलं, हे गेले की खातं परत मिळेल, मग नंबर बदलशील, आणि मग ‘नाही करणार’. खोडले.

मी दगड नाही. तू एकदा फोन कर. निरोप नको, मेसेज नको, फोन. ‘बाबा, कोड’ एवढं म्हण, मी घड्याळाकडे न बघता सांगीन. तेही जमत नसेल तर नुसता फोन लाव आणि बोलू नकोस, मला श्वासावरून कळेल. हे काही फार मागणं नाही.

उद्या कोणी म्हणायला नको की बापाने दिलाच नाही, म्हणून आज सकाळी दहाला आलेले आकडे खाली लिहितो आहे. नीट, सुटे सुटे लिहिले आहेत. पत्र तुझ्यापर्यंत पोचायला पाच दिवस लागतात, ते मला माहीत आहे.

७ ० ३ ९ ९ ४

मिळाले की लगेच कळव. मी दहा वाजता फोनजवळच असतो, नंबर तोच आहे.

तुझे वडील